कलम दोनमधला टायर, कलम तीनमधले चाक

गेल्या महिन्यात बार्शीला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या साडूंनी, म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, पाच-पन्नास माणसांसमोर असे विधान केले की, "आमच्या साडूंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मामांची मोटरसायकल माझ्याकडं आली." लोक हसले. मी पानावरून उठलो. मी हरलो हे मला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. परंतु का हरलो याविषयी असत्य सांगितले जावे, आणि तेही जिलबी वाढली जात असताना, हे मला मान्य नाही. त्यानंतरच्या चार आठवड्यांत मी साडूंना या विषयावर तीन पत्रे पाठवली, त्यांपैकी दोन पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. तेव्हा घडले ते क्रमाने येथे लिहून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते दुसरे वर्ष. सोलापुरात एका वकिलांच्या कचेरीत मी लेखनिक होतो. दावे, जबाब, करारनामे यांचे कच्चे मसुदे माझ्या हातचे असत आणि वकीलसाहेब त्यांत क्वचितच खाडाखोड करीत. आमचे सासरे वळसंगला शेती करीत. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणत असू. त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीची एक काळी मोटरसायकल होती. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मामांनी मला एसटी स्टँडवरून त्याच गाडीवर मागे बसवून घरी नेले होते, आणि दुसऱ्या सणाला त्याच गाडीवर, त्यांच्याच मळ्याच्या वाटेवर, मला गाडी शिकवली होती. त्यामुळे "चालवता येत नव्हती" या आरोपात माझ्याइतकेच माझे गुरूही गुंतलेले आहेत, हे साडूंच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

त्या वर्षी मामांचा उजवा गुडघा कामातून गेला. किक मारणे अशक्य झाले. त्यांना मुलगा नव्हता. गाडी दोघांपैकी एका जावयाला द्यायची, हे त्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर बसवून सांगितले. मी नऊ वर्षे सायकलने कोर्टात जात होतो, आणि ही गाडी मला किती हवी होती ते यातच आले. साडू वैरागचे, अडत दुकानवाले, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "मामा, मला द्या की. साडूंना कागदं वाहायला सायकल बास हाय."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "गाडी एक, जावई दोन. कापून वाटता येत न्हाय. हिचं मागचं टायर गेलंय. इंजिनाला कुणी हात लावायचा न्हाय. मागचं टायर तेवढं ज्यानं त्यानं आपल्या अकलंनं घाला. उभ्या गाडीवरनं पाव मैल कोण कमी वेळात काढतो बघू. गाडी त्याची. आयतु." आयतु म्हणजे कानडीत झाले, संपले. मामांचा विषय या शब्दावर मिटत असे.

माझा तेथे सुरू झाला. असे तोंडी ठरलेले व्यवहार पुढे कोर्टात कसे येतात, हे मी रोज पाहत होतो. त्याच आठवड्यात मी फुलस्केपवर करारनामा लिहिला. कलम एक: इंजिन, कार्ब्युरेटर, चेन व स्प्रॉकेट यांत कोणत्याही पक्षाने बदल करू नये. कलम दोन: प्रत्येक पक्षास आपल्या पसंतीच्या मापाचा मागील टायर बसविण्याची मुभा राहील. कलम तीन: बदललेले चाक शर्यतीपूर्वी उभय पक्षांस दाखवावे. तिघांच्या सह्या झाल्या. साडूंनी न वाचताच सही केली, आणि त्या निष्काळजीपणाची मी मनातल्या मनात कीव केली.

मग टायर. मूळचा टायर सव्वातीन इंच रुंद, एकोणीस इंची रिमचा. पुढचे कित्येक दिवस मी एका जागी बसलो नाही. कोर्टाच्या व्हरांड्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलचे मागचे टायर मी वाकून वाचीत असे. पक्षकार हाका मारीत आणि मी कुणाच्या तरी मडगार्डखाली असे. टायर विकणाऱ्या दोन दुकानांना मी लेखी विचारणा केली. एकाने उत्तरादाखल कॅलेंडर पाठवले.

मी निष्कर्ष काढला तो असा. उभ्या गाडीने जोरात सुटायचे तर चाक घसरता कामा नये. रस्त्यावर बारीक खडी असणार. रुंद टायरची पकड जास्त. सबब साडेतीनचा, खोल नक्षीचा टायर घ्यावा.

मी ज्यांच्याकडे तो बसवून घेणार होतो ते मिस्त्री विजापूर वेशीजवळ काम करीत. माझा युक्तिवाद त्यांनी बिडी संपेपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "साब, चौडा टायर ऊंचा बी होता. चक्का बडा हुआ तो एक फेरे में कदम लंबा पडता. लंबा कदम भरने को इंजिन में दम होना. खडे से भागना है तो छोटा कदम होना."

"आणि घसरण?"

"इतना दम किधर है इसमें घसरने का? बैल कू बोलरे क्या घोडा?"

हा आक्षेप गंभीर होता आणि मी तो गांभीर्याने तपासला. चाकाचा घेर किती वाढतो, एवढाच प्रश्न होता. आमच्या शेजारी पद्मशाली समाजाचे एक विणकर राहत, चादरींच्या कारखान्यात मागांची देखरेख करणारे जॉबर होते. त्यांच्याकडून मी सुताची एक कांडी मागून घेतली, दुकानात गेलो आणि नव्या टायरभोवती धागा गुंडाळून घेर मोजला. मग वळसंगला जाऊन मामांच्या गाडीवरच्या जुन्या टायरचा मोजला. फरक माझ्या अर्ध्या बोटाएवढाही नव्हता. मी दुकानदाराकडून त्या मापावर सही-शिक्का घेतला.

धागे शेजाऱ्यांच्या ओट्यावर शेजारी शेजारी पसरून मी त्यांना फरक दाखवला. त्यांनी विचारले, "काय वो साहेब, हवा भरली होती का दुकानात?"

"नाही. नवा टायर रिमवर नसतो."

"मग हे माप कशाचं झालं? मागावर ताणलेल्या चादरीचा पन्हा येगळा, उतरवल्यावर येगळा. आमच्यात नवा पोरगा बी उतरलेलं माप ताणलेल्याशी लावत नाही. हवा भरा, वर माणूस बसवा, गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवर मोजा."

मी त्यांना सांगितले की हे रबर आहे, सुती चादर नव्हे. हे वाक्य मी उच्चारले होते, हे येथे नमूद करतो. ज्या गावात निम्मी वस्ती कापडाचे माप घेऊन पोट भरते, त्या गावात मी हवा नसलेल्या टायरचे माप घेतले आणि त्यावर शिक्का मारून घेतला.

शर्यत अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत झाली. तेथे तेव्हा रस्ते आखून झाले होते, पण कारखाने तुरळक होते. सुट्टीच्या सकाळी यंत्रमाग बंद, सगळीकडे चिडीचूप, फक्त टेकलेल्या दोन-चार सायकली. विजेच्या खांबापासून खांबापर्यंत टेप लावून आम्ही पाव मैल मोजला. एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचे, सेकंदाला पाच खुणांचे स्टॉपवॉच मी रीतसर पावती देऊन आणले होते. ते घेऊन मामा शेवटच्या खांबाशी खुर्चीवर बसले. मिस्त्री सुरुवातीच्या खांबाशी टॉवेल घेऊन उभे राहिले. टॉवेल खाली आला की मामांनी बटण दाबायचे.

वजनात मी साडूंहून निदान वीस किलोंनी हलका होतो. त्यामुळे त्यांनी गोणपाटातून आपली वस्तू बाहेर काढेपर्यंत मी निश्चिंत होतो. गोणपाटात टायर नव्हता. संपूर्ण चाक होते. ड्रम, आरे, अठरा इंची रिम, आणि तिच्यावर सव्वातीनचा टायर, त्यात हवाही भरलेली.

"हे काय?" मी विचारले.

"कलम तीनप्रमाणं दाखवतोय की, साडू. चाक."

"करार टायरचा आहे."

"मग चालवून बघू आधी. भांडायला दिवस पडलाय."

मी लेखी हरकत नोंदवली, मामांनी ती घडी करून खिशात ठेवली, आणि पहिली पाळी माझी लागली.

टॉवेल पडला. मी क्लच सोडला. टायर तसूभरही घसरला नाही, एवढे मी अभिमानाने सांगू शकतो. तो रस्त्याला असा चिकटला की इंजिनाने मान टाकली. पहिला गिअर जड, दुसरा जड. गाडी मोठी मोठी पावले टाकीत, कुणाच्या तरी मयतीला निघाल्यासारखी चालली. तिसऱ्या गिअरमध्ये जीव येतो न येतो तोच शेवटचा खांब मागे गेला. मामांनी घड्याळ दाखवले: एकवीस सेकंद आणि वर एक खूण.

मिस्त्रींनी चाक बदलले. साडू बसले तेव्हा मागचे स्प्रिंग दबले आणि टायर खाली फुगला. सुटताना त्यांचे चाक घसरले, खडी उडाली, गाडी थोडी तिरपी झाली. मला वाटले, माझा युक्तिवाद सिद्ध झाला. पण पुढच्याच क्षणी ती सरळ होऊन निघून गेली, आणि गिअर पडल्याचे आवाज मी मोजले. चौथासुद्धा पडला. वीस सेकंद आणि वर तीन खुणा.

मी खांबापर्यंत पळत गेलो. मामांसमोर करार उघडून हरकत पुन्हा मांडली. कलम दोनमध्ये टायर म्हटले आहे. रिम बदलल्याने घेर जो कमी झाला तो टायरमुळे नव्हे, चाकामुळे. सबब साडूंची वेळ बाद ठरवावी. मी पंधरा मिनिटे बोललो असेन. साडू मैलाच्या दगडासारखे स्वस्थ बसून टॉवेलने मान पुसत होते.

मामांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हितं टायर हाय. हितं चाक हाय. दोन्ही तुमीच लिवलंय न्हवं?"

"होय. पण चाक म्हणजे टायरच, असा अर्थ आहे. आपल्याकडे चाक पंक्चर झालं म्हणतात, तसा."

"म्हणजे कागदात दोन अर्थ निगतात."

"निघू शकतात."

"मग तुमच्या कोर्टात असं झालं, तर फायदा कुणाला देतात? लिवणाऱ्याला का दुसऱ्याला?"

मामांना खरोखरच माहीत नव्हते. ते मला विचारत होते, कारण तिघांत कायदा जाणणारा मीच होतो. मी खोटे सांगितले असते तर गाडी त्याच दुपारी माझ्या दारात लागली असती. हे मला तेव्हाही कळत होते.

"दुसऱ्याला," मी म्हणालो. "संदिग्धतेचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात."

"आयतु," मामा म्हणाले, आणि किल्ली साडूंच्या हातात दिली.

साडूंनी गाडी सुरू केली. मग मान वळवून मला म्हणाले, "चला, साडू, तुमाला घरापातुर सोडतो. न्हायतर तुमीच चालवा, मी मागं बसतो." मी नको म्हटले. माझा टायर मी मिस्त्रींकडून रिमवरून उतरवून घेतला आणि खांद्यावर टाकून एसटीने घरी आलो. कंडक्टरने सामानाचे तिकीट मागितले. मी नियम दाखवा म्हटले. घर येईपर्यंत आम्ही त्यावरच बोललो. ती गाडी मी त्यानंतर कधीही चालवली नाही. महिनाभराने कळले की साडूंनी ते लहान चाक काढून मूळच्या मापाचे बसवले, कारण रोजच्या रस्त्याला इंजिन फार ओरडत होते. मी मामांना फेरविचारासाठी चार पत्रे लिहिली. एक पोस्टकार्ड आले: "पत्रे पोचली. गुडघा तसाच. हरभरा बरा आहे. गाडीविषयी पुन्हा लिहू नये."

हे सर्व येथवर लिहून झाले आणि परवा सकाळी साडूंचा फोन आला.

"साडू, तुमची पत्रं मिळाली. तीन. लई बारीक अक्षर."

"उत्तर द्या."

"देतोय की. गाडी अजून शेडात हाय. चालू हाय. तुमी या, पायजे तो टायर घाला, आपण परत पळवू. माझं वय झालंय, तुमचं बी झालंय. पडलो तर संगंच पडू."

"आणि पंगतीतलं विधान?"

"जिंकलात तर भर पंगतीत मागं घेतो. पण एक अट हाय. कागद करायचा न्हाय."

कागदाशिवाय मी येणार नाही, असे मी त्यांना तेथल्या तेथे सांगितले. त्यांनी हसून फोन ठेवला. तेव्हापासून मी घरात फेऱ्या घालतो आहे. पत्नी म्हणते, बसा. बसवत नाही. काल भाच्याला घेऊन, एकोणीस इंची रिम व तीन इंची टायर असलेल्या त्याच्या गाडीवर मी बसलो, त्याला ती एक पूर्ण फेरा ढकलायला लावली, आणि चाकावरच्या खडूच्या खुणेपासून खुणेपर्यंत फरशीवर अंतर मोजले. वैरागच्या गाडीसाठी तीन इंची टायर, एकोणीसची मूळ रिम, हवा पुरेपूर. घेर मूळच्यापेक्षा कमी. रिमला हात लावण्याचे कारण नाही.

मसुदाही तयार आहे. दीड पानाचा आहे, सहीची जागा रिकामी आहे, आणि चाक हा शब्द त्यात एकदाही येत नाही.