राबाच्या कडेचा लाल ठिपका

माझ्या फोटोला बक्षीस मिळालं, तेव्हापासून माझं डोकं काही ठिकाणावर नाही.

घोडेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. ड्रोन घेतला तो लग्नांसाठी. नवरदेव घोड्यावर बसला की वरून एक फेरी मारायची, एवढीच त्याची झेप. उन्हाळ्यात डोंगरातल्या मावशीकडे गेलो, तेव्हा तिच्या अंगणातून सहज उडवला. घरी येऊन पाहिलं तर पिवळ्या उतारावर काळेभोर चौकोन, कडेला राखेची पांढरी किनार. निसर्गदृश्यांच्या एका स्पर्धेला तो फोटो पाठवून दिला. चित्रात माणसाची खूण नको, असा नियम होता. कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसत होता. बादली असेल असं समजून मी तो पुसून टाकला.

परीक्षकांनी लिहिलं, 'मानवी स्पर्श न झालेल्या ज्वालामुखी खडकाची नक्षी.' वाचून मी चक्रावलोच. अहो, ते राब होते! भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, ते. पण तोवर गळ्यात हार पडला होता. एवढी शिकलेली माणसं म्हणतायत तर आपलंच काही चुकत असेल, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटून घेतलं.

फोटोची फ्रेम करून मावशीकडे घेऊन गेलो. तिने चष्मा न लावताच ओळखलं.

"हे तर माजे राब! आन मी कुठाय?"

"तू कशी असशील त्यात?"

"आसं कसं? तुजं ते घूं घूं करीत डोक्यावर आलं, तवा मी दोनदा हात केला. लाल लुगडं व्हतं की माजं."

"बघतो," म्हणालो आणि चहा कसाबसा संपवला.

घरी मूळ फोटो उघडून मोठा केला. लाल लुगडं, वर केलेला हात. सख्ख्या मावशीला बादली समजणारा माणूस मी! भयंकर लाज वाटली. आयोजकांना पत्र लिहायला बसलो, पण लिहू काय? ज्वालामुखी नाही म्हणून, की मावशी आहे म्हणून? चार वेळा लिहिलं, चारही वेळा खोडलं. बक्षीस परत करावं की गप्प बसावं, काही कळेना. शेवटी मावशीलाच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. फोटोत माणूस चालत नव्हता, आणि मी तुलाच पुसलं.

आता शिव्या बसणार, म्हणून मी तयारीत होतो. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आदी सांगायचं न्हाई का रं," ती म्हणाली. "माज्यामुळं तुजा फोटू बिघडत व्हता. पुढच्या टायमाला येशील तवा मी घरातच बसंन."