अश्वजितच्या हातचा कॉम्प्युटर

नांदेडात वजिराबादच्या एका गल्लीत अश्वजित सोनकांबळेचं दहा बाय बाराचं दुकान होतं. चोवीस वर्षं त्यानं तिथं एकच काम केलं, सुटे पार्ट आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचं. कंपनीचा तयार घ्यावा की जोडून घ्यावा, असा घोळ पडला की लोक त्याच्याकडं यायचे. तो आधी विचारायचा, "काम काय करणार हाय त्याच्यावर?" नुसतं टायपिंग असेल तर सरळ सांगायचा, "शोरूमचा घ्या, झंझट न्हाई." पण कोणी फोटो स्टुडिओवाला, नकाशे काढणारा इंजिनिअर आला की गडी खुलायचा. किनवट, धर्माबाद, पार इस्लापूरच्या शाळेपर्यंत त्याच्या हातचे कॉम्प्युटर चालू होते.

मग एके वर्षी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. थकवा असेल म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. मग बोटं हलू लागली, सही वाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. गोळ्यांनी काही वर्षं निभेल, पण मुळातून जाणारा आजार नव्हे.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो बायकोला, उज्वलाला म्हणाला, "प्रियाला सांगू नको. पोरीची बारावी हाय."

बारावी झाली, तरी सांगायचं राहूनच गेलं. घरात तो हात खिशात घालून बसायला शिकला. दुकानात तर त्यानं नवी कामं घेणंच बंद केलं. देगलूरहून मलप्पा नावाचे जुने गिऱ्हाईक आले, तर त्यांनाही तोंडावर खोटं बोलला, "मालक, आजकाल चांगले पार्टच भेटंना झालेत." मलप्पा पाणी पिऊन परत गेले.

मग प्रियाला, त्यांच्या बुद्धप्रियाला, लातूरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. पोरगी मैत्रिणींना सांगत सुटली, "माझा कॉम्प्युटर पप्पा बनवणार." एका रविवारी दोघं बापलेक वही घेऊन बसले. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, सगळं ठरलं. कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूनं काच हवी, असा तिचा हट्ट होता.

"रंगीत लाईटं पाहिजेत काय तुला?" अश्वजितनं विचारलं.

"लाईट नको. तुम्ही आत वायरी कशा बांधता, ते दिसलं पाहिजे."

पार्ट आले. अश्वजितनं दुपारची वेळ निवडली. गोळी घेतली, ती लागू पडायला तासभर वाट पाहिली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि मदरबोर्ड टेबलावर ठेवला. प्रोसेसर बसवायच्या जागी केसाएवढ्या बारीक पिना असतात, शेकड्यांनी. त्यांच्यावर तो अलगद टेकवायचा असतो. हे काम त्यानं हजारदा केलं होतं, फोन कानाला लावून, गिऱ्हाइकाशी बोलत. त्यानं दोन बोटांत प्रोसेसर धरला, श्वास रोखला. हात बरोबर त्या जागेवर गेला आणि तिथंच झटका आला. प्रोसेसर निसटून एका कोपऱ्यावर पडला.

भिंगातून पाहिलं तर पिनांची एक ओळ लोळली होती. दुसऱ्यांच्या हातून वाकलेल्या पिना त्यानं कितीदा सुईनं सरळ केल्या होत्या. त्यानं सुई घेतली. सुईचं टोक एका जागी ठरेना. एक पिन सरळ करायला जावं तर शेजारच्या दोन वाकाव्यात. शेवटी त्यानं सुई खाली ठेवली आणि अंधार पडेस्तोवर तसाच बसून राहिला.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाला, "प्रिया, तयारच घेऊ आपण. वॉरंटी असती."

तिला आधी वाटलं, पप्पा गंमत करतायत. मग तिचा चेहरा उतरला. "सगळ्या नांदेडला तुम्ही बनवून दिले. मलाच शोरूमचा?"

"टाइम न्हाई बाळा सध्या."

"हाव, माझ्यासाठीच टाइम नसतो तुम्हाला."

उज्वला स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही बोलणार होती. अश्वजितनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती पोळपाटाकडं परत गेली.

शोरूमचा कॉम्प्युटर टेम्पोत घालून लातूरला गेला. प्रियानं तिथं मैत्रिणीबरोबर खोली भाड्यानं घेतली होती. तिचा फोन आला की ती म्हणायची, "मम्मीला द्या." तो फोन द्यायचा आणि पलीकडचं हसणं ऐकत उभा राहायचा.

तीन महिन्यांनी एकदा ती फोनवर रडायलाच लागली. मोठं ड्रॉइंग उघडलं की स्क्रीन काळा पडत होता. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार आणि तिला तर परवा काम द्यायचं होतं. अश्वजितनं सकाळची पहिली बस धरली.

खोलीत शिरल्यावर त्यानं कॉम्प्युटर चालू करून आवाज ऐकला. मग बंद करून म्हणाला, "खोलावं लागल."

मागच्या एका स्क्रूवर त्यानं पेचकस टेकवला. टोक घसरलं. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरलं. पत्र्यावर खर्र खर्र आवाज व्हायला लागला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. प्रिया शेजारी मोबाईलचा उजेड धरून उभी होती. तिचा उजेड हळूहळू स्क्रूवरून सरकून त्याच्या मनगटावर आला.

"पप्पा."

त्यानं पेचकस तिच्या हातात दिला. "तू खोल. मी सांगतो."

तिनं झाकण काढलं. तो म्हणाला, "ती जाड वायर बघ, कार्डात गेलेली. हलून राहिली काय?"

"ढिल्ली आहे."

"टेम्पोत हिसके बसले असतील. टक् वाजंपर्यंत दाब."

वायर बसली. कॉम्प्युटर चालू झाला, ड्रॉइंग उघडलं. ती स्क्रीनकडं बघत नव्हती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि माझा कॉम्प्युटर?"

"जोडायलाच बसलो होतो. पिना वाकल्या."

तिनं हळूच विचारलं, "बरं होतंय का हे?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," तो म्हणाला.

तिनं झाकण लावलं, एकेक स्क्रू आवळला. शेवटच्या स्क्रूवर तिचा हात थांबला आणि ती बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. तो डाव्या हातानं तिची पाठ थोपटत राहिला.

पुढं मार्चमध्ये अश्वजितनं दुकान सोडलं. तोवर शर्टाची बटणंही उज्वलाच लावून द्यायला लागली होती. त्या दिवशी प्रिया न सांगता लातूरहून आली. स्टुलावर चढून तिनं भिंतीवरचे रॅक सोडवले, खोकी बांधली. खाली बसून तो सांगत होता, हे आधी काढ, ते जपून धर. सगळं सामान बाहेर गेलं. त्यानं अजून काही सांगायला तोंड उघडलं तर रिकाम्या दुकानात त्याचाच आवाज घुमला.