इमानवालीच्या उलट्या

आमच्या जळोचीत तिला सगळे इमानवाली म्हणत. रोज सकाळी ती अंगणात डोळे मिटून उभी राहायची. उजवा तळवा पुढं धरलेला. तेच तिचं इमान, म्हणजे विमान. तळवा वर जाई, उताणा होई, गर्रकन फिरे, आणि त्याच्यामागं ती सगळी कमरेतून वळे, ओठ पुटपुटत. वरची खोली तिला भाड्यानं देऊन चारच दिवस झाले होते. मी हळदीकुंकू घेऊन तिच्यापुढं गेले आणि हात जोडून विचारलं, "आई, कुठनं आलीस?"

तिनं एक डोळा उघडला. "वालचंदनगरहून, काकू. आणि देवी नाही, विमान आलंय अंगात."

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि गावातली सगळी अक्कल आपल्याच पदराला बांधलीय, अशी माझी समजूत होती. ती गावाजवळच्या विमानतळावर पोरापोरींना विमान चालवायला शिकवते, एवढं मला ठाऊक होतं. शिकवणीच्या आधी ती हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांचं छोटं विमान घेऊन आकाशात कसरती करते, आणि परदेशातल्या स्पर्धेत उतरायचं तिनं ठरवलंय, हे मात्र तिनं एका मैत्रिणीखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी वडलांना, आबांनासुद्धा नाही.

एका दुपारी कुरडया उचलताना तिचं त्या मैत्रिणीशी फोनवर चाललेलं बोलणं माझ्या कानावर पडलं. पडलं म्हणजे, मी जिन्यात जाऊन कान तिथं नेऊन ठेवला. "आज तीन उलट्या झाल्या. उद्या जास्त होतील. आबांना सांगू नकोस, घरी घेऊन जातील."

बिनलग्नाची पोर, तीन उलट्या, आणि आबांना सांगू नकोस. मला तर पुढचं बारसंसुद्धा दिसलं. संध्याकाळच्या आत मी वालचंदनगरला फोन लावला. "आबा, पोरीला घिऊन जावा. तिला दिवस गेल्यात."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आबा दारात. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर माणूस, चेहऱ्याकडं बघवेना. त्यांनी कसंबसं विचारलं, तशी ती पायरीवर बसून पोट धरून हसली. "अहो, विमान उलटं होतं. त्याला मी उलटी म्हणते." मग हसू आवरून तिनं स्पर्धेचं सगळं सांगून टाकलं.

आबा हसले नाहीत. म्हणाले, "त्यापरीस ह्या बाईंचं खरं असतं तर बरं झालं असतं." आणि मग, "सामान भर."

"सामान तुम्ही भरा. माझी सातची वेळ आहे." तिनं स्कूटीला किक मारली आणि गेली.

आबांनी खरंच बॅग भरली. घड्या घालून द्यायला मीच होते. मग रिक्षा करून एमआयडीसीच्या रस्त्यानं आम्ही विमानतळाच्या कुंपणाशी गेलो, तिला तिथूनच उचलायला. वर तिचं विमान उताणं झालं, चाकं आभाळाकडं. मी डोळे गच्च मिटले. आबांनीही मिटले होते, पण ते इंजिन ऐकत होते.

"आवाज तुटला न्हाय," ते म्हणाले. "उलटं हाय, तरी एकसारखा हाय."

खाली उतरून ती आली, केस कपाळाला चिकटलेले. "आबा, मी येणार नाही. रागवायचं तर रागवा. परत बोलू नका माझ्याशी. पण मी येणार नाही."

आबांनी त्या विमानाकडं बोट दाखवलं. मग विचारलं, "उलटं असताना इंजनाला त्याल कुठनं जातं?"

ती त्यांचा हात धरून विमानाकडं घेऊन गेली. तासभर दोघं त्या इंजिनात डोकं घालून उभी. कुंपणाशी बॅग धरून मी एकटी. ती बॅग मीच परत जिना चढवून वर नेली. बरी जड होती.

त्या वर्षी ती स्पर्धेला गेली आणि सतरावी आली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, "एवढ्या कोलांट्या मारून सतरावी व्हय?"

ती म्हणाली, "हो. पुढच्या वेळी कितवी आले ते तुम्हाला घरी येऊन सांगते." पुढच्या वेळी अकरावी आली. त्या बाईंच्या दारात उभी राहून सांगून आली, चहासुद्धा घेतला नाही.

स्पर्धेचं तिनंच मला समजावलं होतं. "आकाशात एक चौकोनी रान धरायचं, काकू. बांध दिसत नाही, पण असतो. सगळं त्याच्या आत करायचं. ओलांडला की गुण कापले."

पुढं ती परदेशीच राहिली. जाताना मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडा, पण आबांना फोन करू नका." आता चाळिशी उलटलीय तिची. पुरे कर म्हणणारे पुष्कळ आहेत. "अजून बांधाच्या आत आहे," एवढंच त्यांना उत्तर मिळतं. प्रत्येक स्पर्धेनंतर माझ्या मोबाईलवर मेसेज येतो: काकू, नऊ उलट्या. मी नातीकडून लिहून घेते: पथ्य पाळू नको.

परवा दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासताना विचारलं, "आजी, उलट्या होतात का?"

म्हटलं, "मला न्हाय. माझ्या एका लेकीला हुत्यात. तिला त्याचे गुण देत्यात."