उजवा मनोरा

दोन टाळ्या आणि पाठोपाठ "बघून झालं? खलास! यल्ला!", म्हणजे अरबीत 'चला', एवढं ऐकू आलं की समजायचं, युरोपातली आणखी एक जगप्रसिद्ध वास्तू आमच्यापुरती निकालात निघाली. टाळ्या वाजवणारे गृहस्थ दुबईत आमच्याच मजल्यावर, लिफ्टसमोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणत असे, म्हणून ते भावोजी. तुमच्याही ओळखीत असे एखादे भावोजी असतील. नसतील तर सुखी आहात.

भावोजींची सगळी नोकरी रास अल खोरच्या घाऊक भाजी-फळ बाजारात गेली. आलेला माल हॉटेलांना आणि दुकानांना वेळेत पोचवायचा, हे त्यांचं काम. तिथे टोमॅटो कुणासाठी थांबत नाहीत आणि पालक तर मुळीच नाही. त्यामुळे कुठलीही गोष्ट एका जागी स्वस्थ दिसली की ती अजून इथे कशी, असा प्रश्न त्यांना पडायचा. गोष्ट म्हणजे त्यात आम्हीसुद्धा आलो. गणपतीत पहिली पंगत वरणभातावर असतानाच ते दुसऱ्या पंगतीला पाठीमागे आणून उभी करत. आरतीत झांजा त्यांच्या हातात गेल्या तर बाप्पालाही विसर्जनाची घाई झाल्यासारखं वाटे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आधी नाशवंत माल. बाकी सगळं नंतर."

ताईंच्या डोळ्यांचं दुखणं निघालं ते ही नोकरी चालू असतानाच. अबुधाबीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर कडांकडून आत आत मिटत येणार, काही वर्षांनी फक्त उजेड-अंधार कळेल, आणि यावर औषध नाही. दुसरा एखादा माणूस खचला असता. भावोजींनी घरी येऊन युरोपचा नकाशा उघडला.

"वहिनी, हिला जग दाखवायचंय. स्टार्ट युरोपपासून. जेवढं बसेल तेवढं बसवायचं. तुम्ही पण चला. नाशवंत माल आधी!"

हे त्यांनी ताईंच्या समोर म्हटलं. ताई चहा गाळत होत्या. गाळणं झटकत त्या म्हणाल्या, "म्हणजे मी पालकाची जुडी."

भावोजी हसले नाहीत. नकाशावर पॅरिसला बोट ठेवून ते पुढचा देश शोधत होते.

आम्ही हो म्हटलं, कारण मुलीला सुट्टी होती आणि जुलैतल्या दुबईपेक्षा कुठेही जाणं बरं वाटत होतं. उन्हाने माणसाची विचारशक्ती कमी होत असावी. शेंगेन व्हिसा झाले, बॅगेत राइस कुकर आणि मेतकूट भरलं, आणि आम्ही पाचजण भावोजींचा माल होऊन निघालो.

पॅरिसचं ते प्रसिद्ध म्युझियम आम्ही अशा वेगाने पाहिलं की आतल्या पुतळ्यांना आम्ही येऊन गेल्याचा पत्ता लागला नसेल. माझी मुलगी धापा टाकत विचारायची, "अंकल, व्हाय आर वी रनिंग?" भावोजी म्हणायचे, "बेटा, अजून खूप बाकी आहे." प्रत्येक ठिकाणी त्यांची पद्धत एकच. ताईंना दोन्ही खांद्यांना धरून वास्तूसमोर उभं करायचं, आणि दुकानदार साडी उलगडून दाखवतो तसा हात पसरून म्हणायचं, "हे बघ! अख्खं बघ! दिसलं ना?"

"दिसलं हो," ताई म्हणायच्या.

"खलास! यल्ला!"

ॲमस्टरडॅमला कालव्यातल्या बोटीत त्यांचं काही चालेना, कारण बोट आपल्या मर्जीने चालली होती. त्यांनी त्या उंचापुऱ्या डच नावाड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हबीबी, थोडा फास्ट." नावाड्याने हसून मान डोलावली आणि बोट होती तशीच चालवली. तोवर कुठलीही गोष्ट पूर्ण पाहिली असेल तर तो कालवा तेवढा एक.

मग आलं कलोन. तिथलं जगद्विख्यात कथीड्रल रेल्वे स्टेशनच्या अगदी दाराशी आहे. भावोजींना या गोष्टीचा केवढा आनंद झाला! शेकडो वर्षं खपून बांधलेली ती वास्तू, पण त्यांनी कौतुक केलं ते जागेचं. "प्लॅनिंग बघा जर्मन लोकांचं! गाडी बदलता बदलता होऊन जातं. बाहेर पडायचं, बघायचं, परत प्लॅटफॉर्मवर." पुढची गाडी स्वित्झर्लंडची होती. रिझर्व्हेशन झालेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डोंगरावर जायची तिकिटंही काढलेली होती.

आम्ही बॅगा ओढत पायऱ्यांपाशी आलो. ताईंना उभं केलं गेलं, हात पसरला गेला, "दिसलं ना?" विचारून झालं. पण ताई "दिसलं हो" म्हणाल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या.

"अगं, ऊठ. गाडीला टाइम झाला."

"मी जरा बघते."

"झालं की बघून! समोर तर आहे एवढं मोठं."

"मोठं आहे म्हणून तर. अहो, मला आता अख्खं काही दिसतच नाही. नळीतून बघावं तसं दिसतं. एक तुकडा बघायचा, मग त्याच्या शेजारचा, आणि मग डोक्यात जोडायचे. जोडायला वेळ लागतो मला. तुम्ही पहिल्या तुकड्यालाच टाळ्या वाजवता."

भावोजी तसेच उभे राहिले. हात अजून पसरलेला होता.

"मग पॅरिसचा टॉवर?"

"एक पाय बघितला."

"आणि मग दिसलं हो, दिसलं हो काय म्हणत होतीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं दाखवत होता."

आमच्या ह्यांनी त्याच वेळी घड्याळ दाखवलं. माणसाला योग्य क्षणी चुकीची गोष्ट सुचते, त्याला आमचे हे अपवाद नाहीत. भावोजींनी एकदा स्टेशनकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यात एक ट्रक उशिरा सोडला नव्हता, तो ताईंच्या मागच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "जाऊ दे गाडी." गाडी गेली, आमच्या रिझर्व्हेशनसकट.

मी मनातून चरफडत होते, ते लपवत नाही. पण पुढे जे पाहिलं त्याने मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा माया वाटली. त्यांनी ताईंचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि टोपलीतलं अंडं उचलावं इतक्या जपून ते वर वळवलं.

"डावा मनोरा घेऊ. अगदी टोकापासून. काय दिसतं?"

"दगडाचं फूल आहे."

"खाली?"

"जाळी. जाळीतून आभाळ."

"अजून खाली?"

असं ते चाललं. भावोजी विचारत होते, ताई सांगत होत्या. मध्ये ताई बराच वेळ गप्प बसल्या की भावोजींचा पाय आपोआप हलायला लागायचा. मग ते स्वतःच तो हाताने दाबून धरायचे. डावा मनोरा उतरून झाला, मग दरवाजा, दरवाज्यावरचे संत, त्यांच्या डोक्यांवर बसलेली कबुतरं. एका संताचं नाक झिजलंय, हे ताईंनी सांगितल्यावर आम्हाला दिसलं. आमच्या चारही जणांचे डोळे शाबूत होते बरं का.

मग ढग आले आणि उजेड उतरला. कमी उजेडात ताईंना अगदीच दिसायचं नाही.

"उजवा मनोरा राहिला," त्या म्हणाल्या.

"ताई, दोन्ही सारखेच आहेत," आमचे हे म्हणाले. "डावा बघितला की उजवा आला."

"सारखे आहेत हे मी कुठे बघितलंय?"

भावोजी म्हणाले, "इथेच राहू आजची रात्र. सकाळी उजेडात बघ." पण ताईंनी ऐकलं नाही. "यांची डोंगराची तिकिटं आहेत. पोरगी बर्फासाठी आलीय. पुढच्या वेळी येऊ, इन्शाल्ला." आम्ही तोंडदेखलं "नको नको, राहू या" म्हटलं आणि रात्रीच्या गाडीसाठी बॅगा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी तो भलामोठा डोंगर आम्हाला दिसलाच नाही. वर पोचलो तर सगळीकडे नुसतं पांढरं धुकं. कठड्याला टेकून ताई म्हणाल्या, "आज बघा, सगळ्यांची नजर सारखी." त्यानंतर सहलीचं वेळापत्रक संपलंच. रोममध्ये आम्ही एका कारंज्यावरचा एक दगडी घोडा अख्खी दुपार बघितला. शेपटीसकट.

पुढची वेळ काही आली नाही. भावोजी निवृत्त झाले. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की इतक्या वर्षांचं घर रिकामं करावं लागतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच खरं वाटत नाही. ते दोघं नाशिकला गेले. पुढे ताईंची नजर डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून लवकर गेली. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. दोघं सभ्य आहेत, कुणाला घाई करत नाहीत. मजला अगदी मिळमिळीत झालाय.

यंदाच्या जुलैत आम्ही पुन्हा जर्मनीला गेलो. कलोनला उतरणार म्हणून आधी भावोजींना फोन केला होता. पायऱ्यांवर पोचल्यावर मी परत लावला.

"भावोजी, समोरच उभी आहे. ऊन छान आहे. उजव्या मनोऱ्याचे फोटो पाठवू?"

"फोटोचं काय करू, वहिनी? फोन स्पीकरवर टाकलाय, ही शेजारी बसलीय. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. उंच आहे, काळपट आहे, खूप नक्षी आहे. एका दमात सगळा मनोरा झाला.

पलीकडून भावोजी म्हणाले, "असं नाही. टोकापासून."

मी पायरीवर बसले आणि मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"टोकाला दगडाचं फूल आहे. चार पाकळ्या उघडल्यासारख्या दिसतात, एकीवर पक्षी बसलाय." मी श्वास घेतला. "आता त्याच्या खाली..."

"थांबा वहिनी," भावोजी हळूच म्हणाले. "ती अजून फुलापाशीच आहे."