विहिरींची माहिती आणि माझा फाँट

आमच्या कॉलेजात इंटरनेट आलं नि पर्यावरणाच्या सरांनी नवी टूम काढली. पाच जणांचा गट, गटाचं इंटरनेटवर एक पान, त्यावर सगळ्यांनी लिहायचं, एकमेकांचं दुरुस्त करायचं. पानावर ज्याचं लिखाण नाही तो नापास.

आमच्या गटाचा विषय गावातलं पाणी. माझ्या गटात आमच्याच समाजातली, जवळच्या खेड्यातून येणारी एक मुलगी होती. एका विषयात जरी गेलीस तर कॉलेज बंद, असं बापानं तिला बजावलं होतं. ती तिच्या गावातल्या सगळ्या विहिरींवर गेली. पाणी किती खोल, कोणाला भरू देतात, कोणाला नाही, सगळं लिहून आणलं.

बाकीचे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. मला त्याची चीड. "आपली भाषा आहे, मराठी अक्षरांतच लिही," मी तिला ठासून सांगितलं. छपाईच्या दुकानात मी आमच्या जातीविरोधी संघटनेची पत्रकं टाइप करायचो. तिथंच तिला शिकवलं, तिथूनच पानावर टाकायला लावलं. दुकानातल्या मशीनवर सगळं स्वच्छ दिसलं. तो मराठी अक्षरांचा फाँट कॉलेजातल्या मशीनवर नाही नि त्याच्याशिवाय मराठी उमटत नाही, हे मला कुठं ठाऊक!

मुदत संपल्यावर सरांनी लॅबमध्ये पान उघडलं. तिच्या नावाखाली नुसते कंस, टिंबं नि इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

"हे काय लिहून ठेवलं बाई? कीबोर्डवर मांजर चाललं का?"

"सर, विहिरी आहेत त्या."

वर्गात हशा फुटला. सरांनी सगळ्यांदेखत ते पुसून टाकलं.

मी दुकानातून छापील प्रत सरांकडे नेली. ते म्हणाले, "कागद नको. ऑनलाइन म्हणजे ऑनलाइन. एवढा नेता तू, तुले समजत नाई?"

एसटी स्टँडवर ती म्हणाली, "दादा, पत्रक काढू नका. मले फक्त पास व्हाचं हाय. मी सरले पुन्हा विनंती करते."

मी काढलं. 'जातीयवादी मास्तराचा निषेध!' तिचं नाव नव्हतं. गाव होतं, विहिरी होत्या. त्या गावातून कॉलेजात येणारी मुलगी एकच.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप दाखला काढायला आला. हातात माझंच पत्रक.

"काऊन केलं बाबू असं? विहिरीवाले घरी येऊन गेले. तुमची चळवळ चालू द्या, माही पोरगी आता घरीच राहीन."

ती बाहेर बाकावर बसली होती. माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी संघटनेच्या बैठकीत पत्रकाच्या धारदार भाषेचं कौतुक झालं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.