विलायतकाकूंच्या वर्गाचा फोटो

विलायतकाकूंनी मला एक फोटो स्कॅन करायला दिला होता आणि सांगितलं होतं, "नीट स्कॅन कर. बाकी काही करू नकोस." मी बाकी सगळं केलं. चूक कॉम्प्युटरची होती, असं मी पुढे कित्येक महिने लोकांना सांगत फिरलो. ती माझी होती. माझ्या उजव्या हाताच्या बोटाची होती आणि तिला दोन सेकंदसुद्धा लागले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण काकूंच्या बोलण्याचे पुढचे नमुने वाचून त्या कोणाला खाष्ट वाटतील आणि मी बिचारा वाटेन. तसं नव्हतं.

काकूंइतकी मनापासून तुच्छता मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्यापासून चौथं घर त्यांच्या मुलाचं, मिलिंदचं. नवरा गेल्यावर त्या पुण्याहून इकडे राहायला आल्या. पहिल्याच भेटीत मी इथल्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "मग काकू, अमेरिका कशी वाटली?" त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. चार एकसारखी घरं, आठ एकसारख्या गाड्या. "मोठी आहे," त्या म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या. अमेरिकेचा विषय तिथेच संपला.

विलायतकाकू हे नाव आमच्या महाराष्ट्र मंडळाने ठेवलेलं. त्यांचे वडील इचलकरंजीचे, गिरणीत माग दुरुस्त करणारे जॉबर. काकू सहा वर्षांच्या असताना त्यांना इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका गावच्या कापडगिरणीत काम मिळालं आणि ते बायको-मुलीला घेऊन तिकडे गेले. काकू तेरा वर्षांच्या झाल्या तेव्हा सगळे परत आले. म्हणजे सात वर्षं. पण मंडळातल्या लोकांना 'विलायत' म्हटलं की राणी, गुलाबाच्या बागा आणि बशीतली बिस्किटं दिसत. एकदा एका वहिनींनी लाडिकपणे विचारलं, "काकू, तिथली ती क्यूट कॉटेजेस किती सुंदर ना?"

"संडास अंगणाच्या टोकाला होता," काकू म्हणाल्या. "हिवाळ्यात पाणी गोठायचं. क्यूट बघायला तिथे कोण थांबतंय?"

टॅबलेट त्यांना मी लावून दिला आणि त्यांच्या त्या गावाचे जुने फोटो चढवणारा एक ग्रुपही मीच शोधून दिला. आपण केवढे उपकार करतोय, असं तेव्हा वाटलं होतं. सकाळी मिलिंद आणि सून कामावर गेले की काकू स्वयंपाकघरात टॅबलेट घेऊन बसत. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, गिरणीची धुराडी, दुधाची घोडागाडी, गुडघे खरचटलेली पोरं. खाली ठरलेली वाक्यं: तेव्हाचं आयुष्य साधं होतं, तेव्हा कोणी दाराला कडी लावत नसे. काकू ती मोठ्याने वाचत. "कडी लावत नसत म्हणे! आमचं दार उघडं असायचं, पण आत पाऊल कोण टाकत होतं?"

"फोटोला वास येत नाही, म्हणून लोकांना जुने फोटो आवडतात," हे त्यांचं लाडकं मत होतं. "ह्या गल्लीत कोळशाचा धूर, ओली लोकर आणि शिळी चरबी असा मिळून एकच वास होता. तो चढवा म्हणावं ग्रुपवर."

एकदा मागच्या गल्लीत वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो आला. सोमवारी तिथे सगळं गाव कपडे धुई आणि गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून वाळत घाली. 'किती शुभ्र चादरी!' असं कोणीतरी खाली लिहिलं होतं. काकू हसल्या, म्हणजे नाकाने. "शुभ्र! संध्याकाळपर्यंत सगळ्याला काजळी. आईची नऊवारी एका दोरीवर मावायची नाही. गल्लीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायची. कोळसेवाल्याची गाडी अडायची. तो ओरडायचा, आई मराठीत ओरडायची. एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, पण भांडण व्यवस्थित चालायचं."

आमचीही त्या गय करत नसत. मी नागपूरच्या जुन्या फोटोंच्या एका ग्रुपवर आहे. बर्डीवरच्या एका बंद पडलेल्या थिएटरचा फोटो पाहून मी एकदा हळवा झालो आणि त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"परत जाऊन राहशील तिथे?"

"तसं नाही काकू, पण…"

"मग त्या थिएटरला कशाला त्रास देतोस? ज्या गावातून तुम्ही सगळे जीव खाऊन पळालात, त्याच्याच आरत्या करता."

मला राग आला. आजही तो राग थोडा शिल्लक आहे, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या.

पण त्या स्वतः रोज न चुकता तो ग्रुप बघत. फोटोंखालच्या चुका दुरुस्त करत. हा अमुक रस्ता नव्हे, दिव्याचा खांब डावीकडे होता. ही बेकरी नव्हे, मोच्याचं दुकान. एवढा तिटकारा आहे तर बघता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नाहीतर चुका कोण काढणार?" मला ती थट्टा वाटली.

मग एके दिवशी त्या ग्रुपवरच्या रॉय नावाच्या एका म्हाताऱ्याने काकूंना उत्तर दिलं. काकूंनी कुठल्याशा गल्लीच्या फोटोखाली 'आमचं घर इथे होतं' असं लिहिलं होतं. रॉयने अगदी गोडीत लिहिलं की तो त्याच गल्लीत वाढला, त्या काळी तिथे एकही भारतीय कुटुंब नव्हतं, बाईंची गावात किंवा वर्षांत गल्लत होत असावी. खाली पुष्कळांनी माना डोलावल्या. मी काकूंच्या एखाद्या सणसणीत वाक्याची वाट पाहत होतो. ते आलं नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो घेऊन आल्या. शाळेतल्या वर्गाचा, काळा-पांढरा, तीन रांगा. मधल्या रांगेत डावीकडून चौथी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांची एक सावळी मुलगी, ओठ आवळून उभी. त्या गावात आपण होतो ह्याचा एवढाच पुरावा त्यांच्याजवळ होता. तेव्हाच त्यांनी मला सांगितलं, नीट स्कॅन कर, बाकी काही करू नकोस.

तीन आठवड्यांनी त्यांची पंचाहत्तरी होती. मंडळाची फोटोकमिटी म्हणजे मी. मला वाटलं, सरप्राइज देऊ. फोटो फिका झाला होता, ओरखडे होते. मी तो एका ॲपमध्ये टाकला. ॲपने ओरखडे भरले, रंग भरले, चेहरे गुळगुळीत केले. काकूंचा चेहराही त्याने इतर मुलींसारखा गोरा, गुलाबी गालांचा करून टाकला, वेण्या भुरकट करून खांद्यामागे नेल्या. हे मी पाहिलं. पाहिलं, आणि मला ते छान वाटलं. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. मग कपाळाच्या मधोमध एक काळा ठिपका उरलेला दिसला. ॲपने तो सोडला होता. मी बोट टेकवलं आणि तो पुसला. एक मोठी प्रिंट फ्रेम करून घेतली आणि समारंभाला निघता निघता फोटो, मीच उघडून दिलेल्या खात्यावरून, काकूंच्याच नावाने त्या ग्रुपवर चढवून टाकला.

समारंभ एडिसन गावात, ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये झाला. फायर अलार्म वाजेल म्हणून पंचाहत्तर दिवे बॅटरीचे होते. "हे ओवाळायचे की चार्ज करायचे?" काकूंनी विचारलं आणि हॉल हसला. त्या खुशीत होत्या. मग मी फ्रेमवरचा शेला ओढला. टाळ्या झाल्या. काकू पुढे आल्या, चष्मा चढवला आणि मधल्या रांगेवरून बोट फिरवू लागल्या. एकदा, मग पुन्हा एकदा.

"ह्यात मी कुठे आहे?"

"काय काकू, ही काय!" मी माइकवरून म्हणालो. "जरा मेकअप करून दिलाय तुम्हाला."

हशा पिकला. काकू वळल्या नाहीत. "हिचं कपाळ कोणी पुसलं?"

"डाग होता काकू, काढून टाकला. नो एक्स्ट्रा चार्ज!"

आणखी मोठा हशा. त्यातला सगळ्यात मोठा माझा होता. काकूंनी केक कापला, सगळ्यांना भरवला, मलाही भरवला. तिकडे ग्रुपवर रॉयने विचारलं होतं, "सुंदर फोटो. ह्यातल्या तुम्ही कोणत्या?" आणि काकूंनी उत्तर द्यायच्या आत एका बाईने मधल्या रांगेतली चौथी मुलगी आपली मावशी असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. बावीस जणांनी त्यावर बदाम टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटो परत द्यायला गेलो. काकूंनी तो हातात घेऊन आधी त्या ठिपक्याकडे पाहिलं.

"हे कुंकू आहे," त्या म्हणाल्या. "आई रोज लावून पाठवायची. वर्गाच्या दारात बाई ओला रुमाल घेऊन उभी असायची. रोज पुसायची. फोटोच्या दिवशी मी डबी मोज्यात लपवून नेली. बाईने पुसलं, मग कोट अडकवायच्या खोलीत जाऊन मी परत लावलं. फोटोवाला काळ्या कापडाखाली गेला तेव्हा बाईचं लक्ष गेलं. तोवर झालं होतं." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "सात वर्षांत तेवढं एकदाच जमलं. आणि तिला निदान रुमाल लागायचा रे. तुझं बोटावर भागलं."

त्या वेळी माफी मागता आली असती. त्याऐवजी मी त्यांना सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. मॉडेल कसं शिकतं, डिफॉल्ट सेटिंग काय असतं, माझं इन्टेन्शन काय होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं?" एवढंच विचारलं आणि कप विसळायला उठल्या.

त्यानंतर काकूंनी तो ग्रुप उघडला नाही. मिलिंद सांगायचा, आई हल्ली टॅबलेटला हात लावत नाही, सकाळी नुसती बसून असते. मी फिरायला जायचा रस्ता बदलला. मंडळात त्यांचा विषय निघाला की 'एजमुळे सेन्सिटिव्ह झाल्यात' असं म्हणण्याइतका मी खाली गेलो होतो. जानेवारीत कळलं की काकू कायमच्या पुण्याला, मुलीकडे चालल्या आहेत. ते ऐकून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच किळस आली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

त्या बॅगेत लोकरीचे कपडे दाबून बसवत होत्या. मी म्हणालो, "काकू, ग्रुपवर माझ्या नावाने लिहायचंय. सोबत मूळ फोटो, जसाच्या तसा. तुम्ही हो म्हणालात तरच."

"वाच आधी."

मी लिहून नेलेलं वाचू लागलो. "तंत्रज्ञानाच्या मर्यादांमुळे…"

"तंत्रज्ञान काढ."

"माझ्याकडून अनवधानाने…"

"चांगलं लक्ष देऊन केलंस. काढ."

"माझा हेतू…"

"तो कोणी विचारलाय?"

"कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास…"

काकूंनी हातातलं स्वेटर खाली ठेवलं. "असल्यास? तुला माहीत नाही?"

मी तेही काढलं. पानभर मजकुराच्या चार ओळी उरल्या. काकूंनी मूळ फोटो आणून दिला, रांग आणि जागा दोनदा तपासायला लावली, आणि मी त्यांच्यासमोर बसून ते चढवलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: 'मधल्या रांगेत डावीकडून चौथी मुलगी कुमुद आहे. ती सात वर्षं ह्या गावात राहिली. तिच्या कपाळावर कुंकू आहे आणि ते तिने स्वतः लावलं होतं. आधीच्या फोटोत तिला न विचारता तिचा चेहरा मी बदलला आणि कुंकू मी पुसलं, तिची मी माफी मागतो.'

काकूंनी ते सावकाश वाचलं. "हे त्या लोकांना झालं," त्या म्हणाल्या.

मी टॅबलेट बाजूला ठेवला आणि उभा राहिलो.

"काकू," मी म्हणालो, "तुम्हाला गोरं केलेलं मला आवडलं होतं. भर हॉलमध्ये मी तुम्हाला हसलो. नंतर तुमची पाठ असताना तुमच्याबद्दल वाईट बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."