न छापायची चांगली बातमी

मुलाखत संपली की बाई वही मिटत नसत. लिहिलेलं सगळं समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवत आणि विचारत, "इसमें से क्या काट दूँ?" माणसं गोंधळून जात. पत्रकारांनी आजवर त्यांना "और बताइए" एवढंच विचारलेलं असे. एका म्हाताऱ्याने तर चांगली तीन पानं खोडायला लावली आणि वर चहा पाजला. बाई खूश! मी मात्र परतीच्या बसमध्ये धुमसत बसले होते.

मी लातूरची, परीक्षा देऊन देऊन थकलेली. दिल्लीत बाईंच्या छोट्याशा संस्थेत लागले. दंगल झालेल्या वस्त्यांत जायचं, लोकांशी बोलायचं आणि त्यावर लिहायचं, हे आमचं काम. बाई आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या. घर मराठी, पण 'चिघळणं' म्हणजे काय, हे त्यांनी मला विचारलं होतं. जन्मभर दंगली पाहिलेल्या बाईला नेमका हा शब्द ठाऊक नसावा, याचं मला फार हसू यायचं. तुमच्याही ओळखीत असं दिल्लीकर मराठी माणूस एखादं असेलच.

एकदा त्यांनी मला पानिपतला, काला अंब या लढाईच्या स्मारकापाशी नेलं. महाराष्ट्रातून आलेली मंडळी घोषणा देत होती. बाई हळूच म्हणाल्या, "किती मेले ते आपल्याला पाठ आहे, यार. पळणाऱ्यांना पाणी कुणी पाजलं, ते कुणी लिहिलं?" ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे जे झालं त्याचं खापर मी त्या वाक्यावर फोडत नाही. चूक माझीच.

यमुनेपलीकडच्या एका वस्तीत दोन दिवस जाळपोळ झाली. तिथे मला ब्लाउज शिवणारी एक विधवा भेटली. तिने शेजारचं दुसऱ्या धर्माचं कुटुंब दोन दिवस पोटमाळ्यावर लपवलं होतं. बाहेर काठ्या घेऊन शोधणारे तिच्याच गल्लीतले आणि तिच्याच धर्माचे. पाणी पाजणारं माणूस मला सापडलं होतं! मी हरखून गेले. इतकी चांगली बातमी, यात खोडायचं काय, म्हणून तिला वाचून दाखवलं नाही. नाव बदललं, गल्लीचा नंबर काढला. बाई गावाला गेल्या होत्या, तर त्यांनाही न दाखवता एका पोर्टलला पाठवून दिलं.

बाईंनी ते परतताना स्टेशनवरच वाचलं. ऑफिसात शिरल्या त्या चपला न काढता.

"दवाखान्यासमोर राहणारी, लग्नाचे ब्लाउज शिवणारी विधवा. अशा किती आहेत त्या गल्लीत?"

"एकच."

"मग नाव कशाला बदललंस?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोर्टलला फोन करून त्यांनी लेख काढायला लावला, पण तोवर तीन तास होऊन गेले होते. "चलो," म्हणाल्या.

मेट्रोतून उतरल्यावर त्यांनी एका दुकानातून ब्लाउजपीस घेतलं. मला काही कळेना. गल्लीच्या तोंडाशी दोघांनी अडवलं. "किससे मिलना है?"

बाईंनी पिशवीतून कापड काढलं. "ब्लाउज सिलवाना है, भैया. भतीजी की शादी है." आम्हाला साधी थाप मारू न देणारी ही बाई, पण आवाज जरासुद्धा हलला नाही.

ती घरी होती. दार उघडंच ठेवून तिने बाईंचं माप घ्यायला सुरुवात केली. बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "हमसे गलती हुई." 'हमसे' म्हणाल्या. माझ्याकडे बोट केलं नाही.

तिने मान वर केली नाही. "पता है. सुबह जेठजी ने मोबाइल में दिखाया." टेप बाईंच्या दंडाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "मैंने बच्चे की कसम खा ली. कह दिया, हमारे यहाँ कोई नहीं छुपा था, ये लोग झूठ लिखते हैं. बाजू कितनी रखूँ?"

तिने आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि माझ्यामुळे तिला ती मुलाची शपथ घेऊन नाकारावी लागली. तेव्हा वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

बाईंनी मला काढून टाकलं नाही. दर महिन्याला नवं कापड घेऊन त्या तिच्याकडे जात आणि मलाही नेत. थोरला दीर दाराबाहेर खाटेवर बसलेला असे. आत माप घेता घेता दोघी कुजबुजत. कुणी धमकावलं का, गाझियाबादला गेलेली पोटमाळ्यावरची माणसं नीट आहेत का, मुलाची शाळा कशी चाललीय. बाई स्वतः जन्मभर सलवार-कुडत्यात वावरलेल्या, पण कपाटात ब्लाउजांची ही चळत!

गेल्या हिवाळ्यात बाई न्यूमोनियाने गेल्या. शोकसभेत मोठमोठी माणसं बोलली. त्या विधवेला फोन करायची सोय नव्हती. तिचा मोबाइल दीर तपासायचा. मी कापड घेऊन गेले आणि माप घेताना तिच्या कानात सांगितलं.

तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच थांबला. बाहेरून दिराने विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं. माप ले रही हूँ."

मग ती मशीनवर जाऊन बसली आणि सुईखाली कापड न घालताच भराभर पाय मारू लागली. त्या आवाजाआड ती रडत होती. मी दाराकडे पाठ करून, बाहेरून ती दिसणार नाही अशी, मध्ये उभी राहिले.